दाजींच्या उजव्या हाताची नखं

माझ्या दाजींचा डावा हात एका माणसाचा आहे आणि उजवा भलत्याच कुणाचा. डाव्या हाताची नखं मुळापासून कापलेली, शाळेत तपासणी असल्यासारखी. उजव्या हाताची मात्र बोटांच्या पुढे चांगली वाढवलेली, घासून गोल केलेली आणि वरून चकचकीत थर दिलेली. हा थर मी देते. मी ताईची धाकटी बहीण. माझं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे, आणि मेहुणी असल्यामुळे दाजींची टिंगल करायचा परवाना माझ्याकडे अठरा वर्षांपासून आहे. तो मी एक दिवसही वाया जाऊ दिलेला नाही.

नखांचं कारण गिटार. तीही नायलॉनच्या तारांची. लोखंडी तारांची गिटार प्लास्टिकच्या पत्तीने वाजवता येते, पण नायलॉनच्या तारेला दाजींच्या मते नखच पाहिजे. नख तुटलं की ओल्या टॉवेलवर चापट्या मारल्यासारखा आवाज येतो, असं ते सांगतात. मला तर नख असतानाही कधीकधी तसाच येतो असं वाटतं, पण माझं कोण ऐकतंय.

ही गिटार दिसते साधी लाकडी, पण तिच्या पोटात बरंच काही आहे. तारांखाली एक पट्टी आहे, ती तारांचा कंप पकडते. आतल्या पोकळीत वाटाण्याएवढा माईक आहे, तो लाकडाचा आवाज पकडतो. वर एक चौकोनी बॅटरी लागते. गेल्या वर्षी दाजींनी वायरचा गुंता नको म्हणून काडेपेटीएवढा बिनतारी डबा घेतला. तो गिटारच्या बुडाला खोचला की माणूस तीस-चाळीस पावलांवर जाऊन वाजवत बसला तरी आवाज स्पीकरमधून येतो. हे सगळं त्यांनी मला नखं घासून घेता घेता सांगितलं. मी "हं, हं" करत होते. नीट ऐकलं असतं तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

दाजी चष्म्याच्या दुकानात काम करतात. बावीस वर्षं. भिंग बसवणं, दांड्या वाकवणं, नाकावरच्या पट्ट्या बदलणं, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर चष्मा चढवून "दिसतंय का?" विचारणं. त्यांची नखं इतकी मजबूत आहेत की चष्म्याचा बारीक स्क्रू ते नखानेच पिळतात. गिऱ्हाईक ते बघतं आणि नंतर चष्मा चढवून घ्यायची वेळ आली की मागे सरकतं.

आता मूळ मुद्दा. माझ्या दाजींना "नाही" म्हणता येत नाही.

म्हणजे स्वभावाने मऊ वगैरे म्हणतात तसं नव्हे. तो शब्द त्यांच्या तोंडातून बाहेरच पडत नाही. पहिल्यांदा ते माझ्या पार्लरमध्ये नखं करायला आले, तेव्हा चार बायकांच्या मध्ये दिव्याखाली हात धरून बसले होते, कानापर्यंत लाल होऊन. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलीने सहज विचारलं, "काका, भुवया पण करू का?" दाजी म्हणाले, "करा की." मी मागच्या खोलीतून येईपर्यंत एक भुवई झाली होती. मग दुसरीही करावीच लागली. पुढचे तीन आठवडे ते दुकानात सतत आश्चर्य वाटल्यासारखे उभे होते.

ताईशी लग्नही असंच झालं. आईने विचारलं, "आमच्या मुलीशी लग्न कराल?" दाजी म्हणाले, "हो." लगेच आईने विचारलं, "आणखी चहा?" दाजी म्हणाले, "हो." त्याच सुरात, तेवढ्याच वेगात. तिसरा कप त्यांना जात नव्हता हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. तेव्हापासून ताईच्या डोक्यात किडा आहे. भांडण झालं की ती म्हणते, "मला तरी कुठे ठाऊक आहे, तुम्ही मला हो म्हणालात की नुसतं हो म्हणालात." त्यावर दाजी म्हणतात, "हो." मग ताई दोन दिवस बोलत नाही.

गिटारीचंही हेच. मुळात दाजी एका म्हाताऱ्या शिक्षकांकडे नायलॉनवरचं शास्त्रशुद्ध वादन शिकले. पाय छोट्या स्टुलावर, पाठ ताठ, मान खाली. तेवढंच वाजवत राहिले असते तर सुखी झाले असते. पण एकदा दुकानात एक नाचणाऱ्या बाई चष्मा घ्यायला आल्या आणि त्यांनी विचारलं, "फ्लेमेंको येतं का?" दाजी म्हणाले, "येतं की." घरी आले आणि स्पेनचं ते पाय आपटत वाजवायचं संगीत दहा दिवसांत शिकायचं म्हणून बसले. मग एका दातांच्या डॉक्टरांना आपल्या बाहेरच्या खोलीत ब्राझीलचं संथ बोसा नोव्हा हवं होतं, रुग्णांची भीती जावी म्हणून. येतं की. कुणाच्या वाढदिवसाला जॅझ. येतं की. व्यायामशाळेच्या उद्घाटनाला रेगे, लहान मुलांच्या पाळणाघरात अंगाई, एका सेवानिवृत्तीच्या समारंभाला टँगो. सगळं त्याच एका गिटारीवर, त्याच पाच नखांनी.

आणि जो प्रकार चालू असेल तो त्यांच्या अंगात भिनतो. फ्लेमेंकोच्या दिवसांत ते छाती काढून चालायचे आणि चष्म्याचा डबा खटकन असा बंद करायचे की गिऱ्हाईक दचकायचं. बोसा नोव्हाच्या दिवसांत कुणी विचारलं, चष्मा कधी मिळेल, की हळूच हसून म्हणायचे, "मिळेल हो... निवांत..." जॅझमध्ये कुठल्याच प्रश्नाला सरळ उत्तर नाही. आधी इकडे जाऊन येणार, मग तिकडे, आणि मूळ मुद्द्यावर येईपर्यंत विचारणारा निघून गेलेला असायचा. रेगेच्या काळात तर ते प्रत्येक गोष्टीत अर्धा ठोका उशिरा. दार वाजलं की आधी थांबणार, मग उठणार. ताई जिन्यावरच्या पावलांवरून ओळखायची या आठवड्यात काय चाललंय, आणि त्याप्रमाणे मनाची तयारी करायची.

तर हे असं गेली कित्येक वर्षं बरं चाललं होतं. मग एका गिऱ्हाइकाच्या पापणीला दाजींच्या अंगठ्याचं नख लागलं. काही झालं नाही, ओरखडाही नाही, पण त्या गृहस्थांनी दुकान डोक्यावर घेतलं. दुकानाचे मालक तसे बरे आहेत, पण त्या दिवशी त्यांचाही पारा चढला. ते म्हणाले, "हे बघा, सोमवारपासून नखं कापून यायचं. कळलं?"

दाजी म्हणाले, "हो."

त्या संध्याकाळी ते पार्लरमध्ये आले आणि खुर्चीत नुसते बसून राहिले. मी विचारलं, काय झालं. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "अहो, मग सांगायचं ना त्यांना, गिटार वाजवतो म्हणून." ते म्हणाले, "त्यांना माहीत आहे." मी म्हटलं, "मग नाही म्हणायचं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना छतावरून उडी मारायला सांगितली आहे. मला खूप चिडचिड झाली आणि तितकंच वाईट वाटलं. नखं गेली की नायलॉन गेलं, आणि नायलॉन गेलं की दाजींकडे चष्म्यांशिवाय काही उरत नव्हतं.

वाट एकच होती. गावातल्या मोठ्या हॉटेलला जेवणघरात वाजवायला कायमचा माणूस हवा होता, आठवड्याचे सहा दिवस, दुपार आणि संध्याकाळ. ते काम मिळालं तर दुकान सोडता येणार होतं आणि नखं वाचणार होती. परीक्षा शनिवारी, दुपारी बारा ते तीन. सोमवारच्या आत निकाल.

शनिवारी मी आणि ताई सव्वाअकरालाच हजर. हॉटेलच्या मॅनेजरने आम्हाला स्वयंपाकघराच्या दाराशेजारचं टेबल दिलं. तिथे कुणीच बसायला तयार नसतं, कारण दर दोन मिनिटांनी दार पाठीला लागतं. मॅनेजर उंच, कोट कडक, केस एकदम काळे कुळकुळीत. त्याने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे प्लास्टिकच्या वेष्टनात एक माणसाएवढा स्पीकर उभा होता.

"ते यंत्र तोंडाने सांगितलं ते गाणं वाजवतं," तो दाजींना म्हणाला. "मालकांना तेच बसवायचंय. मी म्हटलं, आधी माणूस बघू. अट एकच. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. जे मागतील ते वाजलं पाहिजे. जमेल?"

"हो," दाजी म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, की अख्ख्या जगात या कामासाठी याहून योग्य माणूस जन्माला आलेला नाही.

सुरुवात झकास झाली. वेटर टेबलांवरून चिठ्ठ्या आणायचा, दाजी वाचायचे आणि वाजवायचे. दोघाजणांनी टँगो मागितला, मिळाला. चष्मेवाल्या एका बाईंना समुद्रकाठचं काहीतरी हवं होतं, दाजींनी बोसा नोव्हा दिलं. एका टेबलावरच्या पोरांना धिंगाणा हवा होता, तोही मिळाला, गिटारीच्या अंगावर थापा मारून. खिडकीजवळ एक आजी एकट्याच जेवायला बसल्या होत्या, पांढराशुभ्र अंबाडा, समोर भाजलेला मासा. त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, "ऐकू यावं पण घास अडू नये असं." दाजींनी तेही वाजवलं. ताई सूप ढवळत होती, पीत नव्हती. मी दोघींचं प्यायले.

मग तिसऱ्या टेबलावरच्या दणकट गृहस्थांची चिठ्ठी आली. त्यांना रॉक पाहिजे होतं. "डोकं हलवता येईल असं," अधोरेखित. नायलॉनच्या तारांवर रॉक म्हणजे कापसाच्या उशीने खिळा ठोकणं, पण दाजींनी मान डोलावली, अंगठा उगारला आणि घाव घालायला लागले. गृहस्थ खरंच डोकं हलवायला लागले. दुसऱ्याच मिनिटाला "टक्" असा आवाज झाला.

अंगठ्याचं नख गेलं. उडून कुठे गेलं ते कुणी पाहिलं नाही. थोड्या वेळाने त्या गृहस्थांनी सूपमधून काहीतरी कडक काढून बशीच्या कडेला ठेवलं आणि पुढे खात राहिले. मी गप्प बसले.

दाजींचा चेहरा उतरला. ओल्या टॉवेलचा आवाज सुरू झाला. मॅनेजरने हाताची पाच बोटं दाखवली. पाच मिनिटं. मी पर्स उचलली, दाजींना दंडाला धरून उठवलं आणि तिघंजण स्वयंपाकघराच्या बाजूच्या कोठीच्या खोलीत घुसलो. तिथे तेलाचे डबे, कांद्याच्या गोण्या आणि धुऊन आलेल्या नॅपकिनचे ढीग होते. दाजी एका डब्यावर बसले. गिटार पट्ट्याने गळ्यात, मांडीवर आडवी, बुडाला तो काडेपेटीएवढा डबा, त्यावर हिरवा ठिपका. मी तो ठिपका पाहिला. छान दिसतोय असं वाटलं, बस्स.

पर्समध्ये बॅटरीवरचा छोटा दिवा होता, कृत्रिम नखं होती, पण बिनरंगी जेल मी पार्लरवरच विसरले होते. होती फक्त एक बाटली.

"जांभळं?" दाजींनी विचारलं.

"चमचमतं जांभळं," मी म्हटलं. "दुसरं नाहीये. चालेल?"

"चालेल," ते म्हणाले. ते काय म्हणणार होते.

मी नख चिकटवलं, वर जांभळं फासलं आणि अंगठा दिव्याखाली धरला. आता वाळेपर्यंत थांबायचं. मला गप्प बसवत नाही, ही माझी खोड आहे. मी ताईला म्हटलं, "त्या सातव्या टेबलवरच्या बाईंच्या भुवया बघितल्यास? एक कपाळावर चढलीय, दुसरी कानाकडे निघालीय. कुणी केल्या असतील गं? मी केल्या असत्या तर गाव सोडून गेले असते. आणि मॅनेजरचे केस! बुटाचं पॉलिश लावतो की काय? मानेवर ओघळ आलाय बघ. आणि ते रॉकवाले, डोकं हलवत होते की मासा काट्यासकट गिळला होता?"

ताई हसली नाही. तिने ढिगातला एक नॅपकिन घेतला होता आणि त्याची घडी घालत होती. मोडायची, पुन्हा घालायची.

तेवढ्यात दाजी बोलले. गिटारीवर मान टाकून, अगदी हळू. "मी लोकांना फसवतोय," ते म्हणाले.

"काय झालं आता?" मी म्हटलं.

"टँगो मागितला, मी टँगोसारखं काहीतरी दिलं. बोसा मागितलं, तसंच. जे ज्याने मागितलं ते शिकत गेलो. इतके प्रकार येतात, आणि त्यातला एकही माझा नाही. हे काम मिळणार नाही, आणि का मिळावं? सोमवारी नखं कापतो, झालं. तुम्ही दोघी उगाच आलात."

मला वाटलं ताई आता त्यांना जवळ घेईल, धीर देईल. ताईने नॅपकिन आपटला.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "तुमचा टँगो लंगडतो. बोसामध्ये तुम्ही घाई करता, गाडी चुकल्यासारखी. फ्लेमेंकोत पाय आधी आपटतो आणि हात मागून येतो. आणि जॅझ चालू असताना तुम्ही कुठे आहात हे मला कळत नाही, आणि मला वाटतं तुम्हालाही कळत नाही."

दाजी डब्यावर आणखी खाली खचले. मी ताईला डोळे वटारले. ती थांबली नाही.

"आणि जेवणं झाल्यावर मी भांडी घासत असते, तेव्हा गॅलरीत बसून वाजवता ते काय असतं?"

दाजींनी मान वर केली. "ते? ते काही नाही. बोटं सैल करतो."

"त्याचं नाव काय?"

"नाव नाही त्याला. कुणी मागितलेलं नाही ना ते."

"ते कुठेही चुकत नाही," ताई म्हणाली. "अठरा वर्षांत एकदाही नाही. रोज थोडं वेगळं असतं आणि रोज बरोबर असतं. मी घासलेली भांडी पुन्हा घासते, संपू नये म्हणून. पातेल्यांची बुडं पातळ झाली आपल्या. तुम्हाला वाटलं काय, दोन माणसांच्या चार वाट्यांना पाऊण तास लागतो?"

मला हे काहीच माहीत नव्हतं. अठरा वर्षं ताईने माझ्यापाशी या गिटारीबद्दल फक्त तक्रारी केल्या होत्या. मी दिवा धरून नुसती उभी राहिले. अंगठा केव्हाच वाळला होता.

दार किलकिलं झालं. वेटर आत डोकावला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"साहेब," तो म्हणाला, "बाहेर ऐकू येतंय."

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"सगळं. भुवयांपासून."

मी गिटारीच्या बुडाचा हिरवा ठिपका पाहिला. वाटाण्याएवढा माईक आम्हा तिघांच्या मधोमध, मांडीवर. मी त्या हॉटेलच्या मागच्या दाराने पळून जायला निघाले होते, पण त्या दारात गोण्या रचल्या होत्या.

आम्ही बाहेर आलो. काटे-चमचे थांबलेले. सातव्या टेबलवरच्या बाईंनी नॅपकिन कपाळाला लावला होता. रॉकवाले गृहस्थ बशीच्या कडेला ठेवलेल्या त्या कडक वस्तूकडे निरखून बघत होते. मॅनेजर एक हात मानेवर ठेवून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

दाजी खुर्चीवर जाऊन बसले. त्यांनी जांभळा अंगठा तारेवर ठेवला. मग खिडकीतल्या आजींनी चिठ्ठीची वाट न बघता सरळ म्हटलं, "ते वाजवा ना. भांडी घासतानाचं."

"हो हो, तेच!" मागून कुणीतरी म्हणालं. दोघाजणांनी टाळ्या वाजवल्या. पोरं टेबल बडवायला लागली. अख्खं जेवणघर त्या एका गोष्टीसाठी पुढे झुकलं होतं. मॅनेजरने मानेवरचा हात काढला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. त्याने दाजींकडे बघून बोटाने खूण केली, चालू करा. काम मिळालंच होतं. मला टेबलाखाली उडी मारावीशी वाटत होती ती आता आनंदाने.

दाजींनी ताईकडे पाहिलं.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही, काही नाही. नवऱ्याची नखं वाचणार होती आणि तिला ती वाचायला हवी होती, हे मला तिच्या तोंडावर दिसत होतं. पण तो नॅपकिन अजून तिच्या हातात होता, आणि ती त्याची घडी घालत होती, लहान, आणखी लहान, शेवटी मुठीत मावेल एवढी. इतकी वर्षं तिचं एकटीचं असलेलं काहीतरी आता या मासा खाणाऱ्या लोकांत वाटलं जाणार होतं.

दाजींनी तारेवरचा अंगठा उचलला.

"नाही," ते म्हणाले.

गिटार चालूच होती, त्यामुळे ते "नाही" दाजींच्या दोन्ही स्पीकरमधून आलं. ते स्वतःच दचकले. मग, एकदा बाहेर पडलंच आहे तर, या थाटात पुन्हा म्हणाले, "नाही. ते इथे वाजत नाही. ते घरचं आहे. दुसरं काहीही मागा, वाजवतो."

मी रडले. सांगायला लाज वाटते, पण सूप नाकात गेल्यासारखी रडले. ज्या माणसाला तिसऱ्या कप चहाला नाही म्हणता आलं नव्हतं, तो आपली सगळी नखं पणाला लावून माझ्या बहिणीसाठी नाही म्हणत होता. ताई मात्र तिथे नव्हती. ती कोठीच्या खोलीत जाऊन गोणीवर बसली होती. मी आत गेले तर म्हणाली, "कांद्यांमुळे." कांदे गोणीत होते, न चिरलेले.

आजी म्हणाल्या, "बरोबर आहे. मग वॉल्ट्झ वाजवा." दाजींनी वॉल्ट्झ वाजवला. तोही लंगडला.

तीन वाजता मॅनेजरने हात मिळवला. "पाहुण्यांना तुम्ही आवडलात," तो म्हणाला. "पण अट एकच होती." दाजी म्हणाले, "हो." आम्ही बाहेर पडेपर्यंत मागे प्लास्टिक फाडल्याचा आवाज यायला लागला होता.

रविवार कसा गेला ते विचारू नका. मी दोनदा घरी जाऊन आले. ताई आणि दाजी एकमेकांशी इतकं सांभाळून बोलत होते की नवीन लग्न झाल्यासारखं वाटत होतं. नखांचा विषय कुणी काढला नाही. निघताना मी दाजींना म्हटलं, "कापायचीच असली तर माझ्याकडे या. घरचं नेलकटर बोथट आहे." ते म्हणाले, "मालकांकडे आहे."

सोमवारी सकाळपासून माझे हात चालेनात. एका बाईंच्या केसांना रंग लावून मी घड्याळच बघत बसले. बाईंचे केस ठरल्यापेक्षा चांगलेच काळे झाले. दुपारी दुकान जेवायला बंद होतं तेव्हा दाजी आले. उजवा हात पँटच्या खिशात. मी खुर्ची पुढे ओढली. ते बसले. हात काढेनात.

"दाखवा," मी म्हटलं. "मीच बघणार आहे, परकं कोण आहे?"

त्यांनी हात टेबलावर ठेवला. पाच नखं. चार चकचकीत आणि एक चमचमतं जांभळं.

"अहो!" मी ओरडले. "झालं काय?"

"सकाळी गेलो," दाजी सांगायला लागले, "तर मालकांनी काचेवर नेलकटर काढूनच ठेवलं होतं. म्हणाले, घ्या. मी म्हटलं, नाही."

"मग?"

"ते माझ्याकडे बघत राहिले. जांभळ्या अंगठ्याकडेही बघितलं. मग म्हणाले, बरं."

"बरं?"

"बरं. म्हणाले, मग चष्मा डाव्या हाताने चढवत जा. आणि नेलकटर खणात टाकून हिशोबाला बसले."

शिकायला आलेली मुलगीही ऐकत होती. दाजींनी टेबलावरचा आपला हात उलटा-सुलटा करून पाहिला.

"एवढंच होतं ते," ते म्हणाले. "बावीस वर्षं, आणि एवढंच होतं. अगं, आमच्या घरात तीन व्हॅक्यूम क्लीनर आहेत."

मला हसू आवरेना आणि त्यांनाही. हसता हसता मी त्यांचा हात ओढून घेतला आणि जांभळा थर काढायला बसले. आणि मग, गेल्या दोन दिवसांपासून जे माझ्या मनात होतं ते मी विचारलं. शेवटी माझीही ती सख्खी बहीण आहे, अठरा वर्षं मी या माणसाची नखं घासतेय, काहीतरी हक्क माझाही आहे.

"दाजी," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "ते भांडी घासतानाचं एकदा मला ऐकवा ना. फक्त मला. दार लावून घेते."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक असं हसू पसरलं, जे मी त्यांच्या चेहऱ्यावर कधीच पाहिलं नव्हतं, ना फ्लेमेंकोत ना बोसामध्ये.

"नाही," ते म्हणाले.

मी फायलर उचललं आणि त्यांचा अंगठा गरजेपेक्षा जरा जास्तच जोरात घासायला घेतला.